ते प्रथिन अंगात ठेवलंय कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रायॉनवर, म्हणजे घडी चुकल्यानं मेंदूचा रोग पसरवणाऱ्या प्रथिनावर, चार वाक्यं बोलले की नाशकात एक प्रश्न ठरलेला, मग समोर कॉलेजातली पोरं असोत की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचे निवृत्त काका: “मॅडम, वेड्या गाईचा रोग करणारं प्रथिन आपल्याही अंगात असतं म्हणता, मग ते ठेवलंय कशाला?”

असतं, जन्मापासून असतं. विसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकापासून ते बनतं आणि पेशीच्या बाहेरच्या बाजूला चिकटून राहतं, चेतापेशींवर तर भरपूर. रोग होतो तो त्याची घडी चुकल्यावर. चुकीच्या घडीचं प्रथिन शेजारच्या धड प्रथिनालाही तसंच वाकवतं. स्टॅनली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये नुसतं प्रथिन रोग पसरवतं असं मांडलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. 1997 मध्ये नोबेल मिळालं. पण ही बिघडलेल्याची कथा. धड प्रथिन काय करतं?

1992 मध्ये झुरिकला चार्ल्स वाइसमान यांच्या गटानं ते जनुकच निकामी केलेले उंदीर तयार केले. उंदीर मजेत वाढले, त्यांना पिल्लंही झाली. पुढच्या वर्षी दिसलं की रोगाचा अंश टोचला तरी ते आजारी पडत नाहीत. म्हणजे नसलेलंच बरं की! पिंजऱ्यात सुखानं बसलेल्या उंदराला विचारलं तर असंच उत्तर मिळणार, असं माझं आपलं मत.

वेगळं उत्तर 2006 मध्ये आलं, तेही मेंदूतून नाही, अस्थिमज्जेतून. अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये सुसान लिंडक्विस्ट आणि हार्वी लोडिश यांच्या गटांना हे प्रथिन रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींवर सापडलं. मग त्यांनी प्रथिन नसलेल्या उंदरांची मज्जा घेतली आणि किरणोत्सर्गानं स्वतःची मज्जा मेलेल्या उंदरांत घातली. त्यांच्यातून काढून पुढच्यांत, त्यांच्यातून आणखी पुढच्यांत. अशा फेऱ्या होत गेल्या तशी ती मज्जा थकत गेली, नवं रक्त उभं करीना. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही: वेलीत किती दम आहे ते एका हंगामात कळत नाही, खरड छाटणी आणि गोडी छाटणी वर्षानुवर्षं सोसून ती कशी फुटते त्यावर कळतं. विभागणाऱ्या पेशींना मारणारं औषध दिलं तेव्हाही हीच मज्जा लवकर रिती झाली. आणि मला सगळ्यात पटलेला भाग असा, की विषाणूच्या मदतीनं प्रथिन परत घातल्यावर तिचा जोर परत आला.

मेंदूतली गोष्ट इतकी सरळ नाही. उंदरांत प्रथिन जास्त असलं की चेतापेशींच्या पूर्वज पेशी जास्त विभागतात, पण शेवटी चेतापेशी काही वाढलेल्या दिसत नाहीत.

एक आजोबा मला म्हणाले, “मग ते कमी करायचं औषध निघालं तर रक्त आटेल का?” तशी औषधं आता माणसांवर तपासली जात आहेत, तेव्हा प्रश्न चोख आहे. जनुकाची एक प्रत निकामी असलेली धडधाकट माणसं आढळली आहेत. नॉर्वेतल्या काही दुभत्या शेळ्यांत तर हे प्रथिन निसर्गतःच नसतं, आणि त्या ठणठणीत असतात. त्यामुळे मला फार धास्ती वाटत नाही. पण ज्याची केमोथेरपी होऊन मज्जा आधीच थकलीय अशा रोग्याला असं औषध द्यायची वेळ आली, तर त्याच्या रक्तपेशींची मोजणी मी डोळ्यांत तेल घालून पाहायला सांगेन.