दुसऱ्या ओळीत कोलकाता

१८ जून, गुरुवार. रात्री साडेदहा.

उद्या दुपारी दोनपासून स्टँडबाय आहे, म्हणजे बोलावलं तरच उडायचं, म्हणून आज जागायला हरकत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेय. कमांड अपग्रेडची बिड, म्हणजे आम्हा फर्स्ट ऑफिसरांनी कुठल्या शहरात कॅप्टन व्हायचंय ते मागायचा अर्ज, रात्री बारा वाजता बंद होणार. माझं नाव, एम्प्लॉयी नंबर, रुजू तारीख, उडवलेले तास हे सगळं आधीच भरून आलंय. खाली तीन रिकाम्या ओळी: पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. पहिल्या ओळीत मुंबई लिहून आठ दिवस झाले. दुसरीपाशी अडकलेय.

परवा आई फोनवर म्हणाली, "अगं, एवढी वर्षं विमान चालवतेस, आता कॅप्टन करतीलच ना तुला?" बहुतेकांना असंच वाटतं. एटीपीएल, म्हणजे वैमानिकाचं सगळ्यात वरचं लायसन्स लागतं, त्याला १५०० तास लागतात, विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचे, डीजीसीएचे पेपर लागतात, मग सिम्युलेटरच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष फ्लाइटवरचं लाइन ट्रेनिंग. पण हे सगळं असलं की रांगेत उभं राहायला मिळतं, एवढंच. रांगेतली जागा तारखेने ठरते. कंपनीत ज्या दिवशी रुजू झालात तो दिवस. बेस, म्हणजे मुक्कामाचं शहर कुठलं, विमान कुठलं, कॅप्टनची डावी खुर्ची कधी, सगळं त्या एका तारखेला बांधलेलं. आमच्या बॅचचे आम्ही नऊ जण एकाच दिवशी रुजू झालो, तेव्हा वयाने क्रम लावला. माझ्या पुढच्या नंबरवरची मैत्रीण माझ्याहून एकवीस दिवसांनी मोठी. मागच्या बिडला बेंगळुरूची शेवटची जागा तिला मिळाली आणि यादी तिच्यापाशी थांबली. आता तिच्या खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या, माझ्या खांद्यावर तीन. तिच्याबद्दल मनात काही नाही, बातमी तिने पहिल्यांदा मलाच सांगितली होती. पण एकवीस दिवस हा आकडा डोक्यातून जात नाही.

आणि यादीत असा नंबर मला दुसऱ्यांदा मिळालाय. पहिली कंपनी बंद पडली तेव्हा तिथे माझी साडेचार वर्षं झाली होती. आधी पगार लांबले, मग विमानं उभी राहिली, मग एक दिवस रोस्टर, ड्यूट्यांचं वेळापत्रक, आलंच नाही. लॉगबुकातले तास माझेच राहिले, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. नंबर मात्र कंपनीबरोबर गेला. इथे आले ती यादीच्या तळाशी. माझ्याबरोबर त्याच कंपनीतून आलेले एक कॅप्टन पन्नाशीचे होते, कॅप्टन म्हणूनच घेतले गेले, पण कॅप्टनांमध्ये सगळ्यात शेवटचे. दिवाळीच्या दिवशी पहाटेची फ्लाइट त्यांच्याच वाट्याला. एकदा लखनौला रात्रीच्या मुक्कामी, लेओव्हरला, जेवताना ते म्हणाले होते, "नव्या गावात घरही नव्याने मांडावं लागतं, नंबरही." तेव्हा मी मान डोलावली होती. आज ते वाक्य नीट कळतंय.

फ्लोरिडात माझ्याबरोबर शिकलेला नागपूरचा एक मित्र तिकडेच अमेरिकेत स्थायिक झाला, एका मोठ्या विमान कंपनीत आहे. काल तासभर बोललो. त्यांच्याकडे हे सगळं फार काटेकोर. हजारो वैमानिकांची एकच यादी. जागा निघतात त्या बेस, विमान आणि खुर्ची अशा मिळून: अमुक शहर, अमुक विमान, कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर. यादी वरून खाली वाचत जायची, ज्याला हवी ती जागा शिल्लक असेल तर ती त्याची. त्याने सोडलेली जागा खालच्यांसाठी उघडते. मोठ्या विमानाचा एक कॅप्टन ६५ वर्षांचा होऊन निवृत्त झाला की त्याच्याखाली तीन-चार माणसं हलतात, एक विमान बदलतो, एक खुर्ची बदलतो, एक शहर, आणि प्रत्येकाला नव्याने ट्रेनिंग. दर महिन्याच्या फ्लाइट्ससुद्धा तिथे त्याच क्रमाने मागायच्या. वरच्यांना हव्या त्या सुट्ट्या, तळातले रिझर्व्हवर फोनजवळ बसलेले. आमच्याकडे रोस्टर बहुतांशी कंपनीच लावते, आपण विनंती टाकायची.

तो म्हणाला, त्यांच्याकडचे जुने लोक अजून २००७ चा डिसेंबर विसरलेले नाहीत. तोपर्यंत निवृत्ती साठाव्या वर्षी होती. कायदा बदलला आणि ती पासष्टाव्या वर्षी झाली. वर बसलेल्यांना पाच वर्षं जास्तीची मिळाली, त्यात पुढच्याच वर्षी मंदी आली, आणि खालचे कित्येक जण वर्षानुवर्षं त्याच पायरीवर उभे राहिले. ज्यांनी त्या वर्षी कमांडच्या भरवशावर घर घेतलं असेल, त्यांचं काय झालं असेल?

पण त्याच्या आणि माझ्या बिडमध्ये एक मोठा फरक आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. त्यांच्याकडे थांबलं तरी क्रम बुडत नाही. मागून आलेला कोणी आधी कॅप्टन झाला, तरी आपण नंतर डाव्या खुर्चीत गेलो की रुजू तारखेप्रमाणे त्याच्या वर जाऊन बसतो. म्हणून तिकडे कितीतरी लोक मुद्दाम उजव्या खुर्चीत राहतात, मुलं लहान आहेत तोवर घराजवळचा बेस आणि हवे ते दिवस सांभाळतात. आमच्या कंपनीत कॅप्टनांची यादी वेगळी, ती कमांड मिळाल्याच्या तारखेवर चालते. मी दोन वर्षं थांबले तर त्या दोन वर्षांत कॅप्टन झालेले सगळे कायमचे माझ्या पुढे. म्हणजे आज इथे मी निम्म्याहून वरची फर्स्ट ऑफिसर, शनिवार मागितला तर बहुधा मिळतो. उद्या कोलकात्याला सगळ्यात शेवटची कॅप्टन. आणि आज गेले नाही, तर नंतर मुंबईतही शेवटचीच.

मुंबईला जागा का निघत नाहीत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्या विमानतळावर धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, स्लॉट, भरलेले, विमानं रात्री उभी करायला जागा नाही. नवीन विमानं येतात ती दिल्लीला, बेंगळुरूला, हैदराबादला जातात. विमान जिथे मुक्कामाला, तिथे वैमानिक लागतो. गेल्या २५ डिसेंबरला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला तेव्हा आमच्या क्रू रूममध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडले होते. मीही मांडला. या बिडच्या सर्क्युलरमध्ये मुंबईच्या जागा दोन आहेत. माझ्या वर, मुंबईच मागणार हे मला माहीत असलेले, निदान अकरा जण. कोलकात्याच्या जागा नऊ.

कमांड कशाला हवी, पगारासाठी का, असं माझ्या लेकीने, चिऊने विचारलं नाही, पण तिच्या आजीने विचारलं. पगार वाढतो, ते खरंच आहे. पण माझ्या मनात गेल्या जुलैची एक रात्र आहे. रनवे २७ वर उतरत होतो, कॅप्टन विमान चालवत होते, रेडिओ माझ्याकडे. वायपर पूर्ण वेगात. ठरलेल्या उंचीपर्यंत आलो तरी समोर काही नाही, नुसता पांढरा झोत आपल्याच दिव्यांचा. गो-अराउंड, न उतरता पुन्हा वर. पुन्हा रांगेत लागलो, घिरट्या घालत राहिलो. इंधनाचा आकडा मी दर पाच मिनिटांनी वाचत होते. मी म्हटलं, "सर, अहमदाबाद घ्यावं असं मला वाटतं." ते दोन-तीन सेकंद काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घेऊ या." अहमदाबादला उतरलो, मागे एकशे ऐंशी माणसं, त्यातली बरीच चिडलेली. मी सुचवलं होतं, ठरवलं त्यांनी. त्या दोन-तीन सेकंदांचं ओझं त्यांचं होतं, आणि सकाळी विमानाच्या टेक लॉगवर, दुरुस्तीच्या नोंदवहीवर, आणि इंधनाच्या कागदावर सहीही त्यांचीच होती. ते ओझं मला उचलायचंय. आता मला ते झेपेल असं मनापासून वाटतं, आणि ते वाटणं फार दिवस नुसतं सांभाळून ठेवता येत नाही.

हातसुद्धा बदलायचे आहेत. आमच्या ए३२० विमानात उजव्या खुर्चीत विमान वळवायची साइडस्टिक उजव्या हातात, इंजिनाचा जोर कमीजास्त करायचे थ्रस्ट लिव्हर डाव्या हातात. डावीकडे बसलं की उलट. इतकी वर्षं उजव्या मनगटाने जे शिकलंय ते डाव्याला शिकवायचं. एका ट्रेनरनी सांगितलं होतं, घरात रोजचं एखादं काम डाव्या हाताने करायला लागा. गेले आठ दिवस मी चहा डाव्या हाताने गाळतेय. पहिल्या दिवशी निम्मा ओट्यावर सांडला, आज थेंबही नाही. म्हणजे पान रिकामं असलं तरी हाताने कधीच ठरवलंय, असं आज दुपारी लक्षात आलं.

नवरा महापालिकेत इंजिनिअर आहे, त्याची बदली मुंबईबाहेर होत नाही, आणि पावसाळ्यात तर तो घरातही नसतो. चिऊ सोमवारीच चौथीत गेली. सासूबाई पार्ल्यातच असतात, त्यांच्या जिवावर हे घर चालतं. कोलकात्याला मी एकटीच जाणार. मी हिशेब केलाय. गेल्या वर्षीच्या जुलैपासून आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, त्याचा आधार आहे. पण कोलकाता ते पार्ले, दारातून दारात, सहा तास धरायचे. जाऊन-येऊन बारा. ड्यूटीच्या आधी तिकडे पोचून नीट झोपायला हवं, ती एक रात्र. उरतात जेमतेम सव्वीस तास, तेही सब-लोड तिकिटावर, म्हणजे जागा रिकामी राहिली तरच चालणाऱ्या स्टाफच्या तिकिटावर, सीट मिळाली तर.

आईला कोलकात्याचं सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "सौदामिनी देशमुख तिथूनच गेल्या होत्या ना?" १९८५ साली कॅप्टन देशमुखांनी कोलकात्याहून सिलचरला फोकर फ्रेंडशिप नेलं होतं, विमानातल्या कर्मचारी सगळ्या बायका. आई तेव्हा रुपारेलला होती, पेपरात वाचलेलं तिला अजून आठवतं. सासऱ्यांनी त्यांच्या परीने शोधून ठेवलंय की हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, पहिले दिवस तिथे राहता येतं का बघ म्हणाले. चिऊने फक्त एवढंच विचारलं, की गणपतीला असशील का. मी म्हटलं, माहीत नाही गं. खोटं बोलवेना.

आमच्यात जुने लोक सांगतात, बिडमध्ये तेच लिही जे मिळालं तर घेशील. जे नको ते, "मिळणार थोडंच" म्हणून लिहू नकोस. कारण मिळतं. आणि एकदा मिळालं की ट्रेनिंग, ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा बॉण्ड, बेस बदलायला किमान दोन वर्षं. तिसऱ्या ओळीत दिल्ली लिहिली असती तर संधी वाढली असती. पण दिल्ली मला नको आहे. हिवाळ्यातल्या धुक्याची भीती नाही, उगाच तिथे जायचं कारण सापडत नाही.

११.२० ला दुसऱ्या ओळीत कोलकाता लिहिलं. तिसरी रिकामी ठेवली. सबमिट केल्यावर वेळेसकट मेल आला, तो दोनदा वाचला.

नवरा पाणी प्यायला आला, खांद्यावरून स्क्रीन बघितला. "लिहिलंस?"

"लिहिलं."

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "चिऊचा सकाळचा डबा मला शिकव. पोहे सोडून काहीतरी." मग फोनवर कोलकाता-मुंबईच्या शेवटच्या फ्लाइटची वेळ बघत बसला. बाहेर पाऊस जोरात लागलाय, उतरायला आलेलं एक विमान पार्ल्यावरून पुन्हा वर गेल्याचा आवाज आला. दोघंही ऐकत होतो. यादी सोमवारी लागेल.