गुणगुणणारं रेल्वे घड्याळ

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीची घड्याळं बहुतेक पार्सलनेच येतात. हे मात्र मालक स्वतः घेऊन आला. मालगाड्या हाकण्यात आयुष्य गेलेला, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. सेल बदलल्यापासून घड्याळ पुढे पळतंय, एवढीच तक्रार.

बुलोव्हा कंपनीचं अ‍ॅक्युट्रॉन, रेल्वेमान्य डायलचं. कानाशी धरलं की टिकटिक नाही, एकसुरी गुणगुण. आत नेहमीच्या, मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स व्हीलऐवजी सेकंदाला 360 कंपनं करणारा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे धातूचा दुबेळका चिमटा. 1960 साली ते बाजारात आलं तेव्हा महिन्याला मिनिटाच्या आत फरक, अशी कंपनीची हमी होती. तोवर खिशातल्या घड्याळावरच भरवसा ठेवणाऱ्या अमेरिकी रेल्वेने ते मनगटावर चालवून घेतलं, यात नवल नाही.

मायक्रोस्कोपखाली दोष दिसला. फोर्कला जोडलेल्या बारीक पट्टीच्या टोकाला माणकाचा कण असतो, तो एका चाकाला दरवेळी एक दात पुढे ढकलतो. चाक ज्वारीच्या दाण्याहून लहान, त्याला 300 दात. मूळ मर्क्युरी सेल 1.35 व्होल्टचा, तो आता मिळत नाही. कुण्या दुकानदाराने 1.55 चा घातला होता. फोर्कचा झोका वाढला आणि चाक मध्येच जास्त दात उडवू लागलं.

काम चालू असताना म्हातारा समोर बसून होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, चष्मा खिशात. मी ट्रेमधलं दुसरं एक रेल्वे घड्याळ सहज उचललं, तर त्याने टेबलापलीकडून वेळ सांगितली, सेकंदासकट. ही त्या डायलची करामत. पांढरी शुभ्र तबकडी, 1 ते 12 सगळे आकडे ठळक काळे, मिनिटाची प्रत्येक रेघ आखलेली, जाड काळे काटे. आतल्या बाजूला लाल अक्षरांत 13 ते 24. शोभेसाठी एक रेघही नाही, आणि म्हणूनच मला अमेरिकेत बनलेल्या घड्याळांत याहून देखणं काही वाटत नाही.

या साधेपणामागे माणसं मेली आहेत. 1891 च्या एप्रिलमध्ये इथून तासाभरावरच्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. मग क्लीव्हलंडचाच जवाहिऱ्या वेब बॉल याला रेल्वेने घड्याळं तपासायला नेमलं. पुढे नियमच ठरले: आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, किमान 17 ज्वेल (झीज टाळायला आत बसवलेले खडे), उघडी तबकडी, साधे आकडे. वेळ लावायची तर काच काढून आतली तरफ ओढायची, म्हणजे चावी देताना काटे चुकून हलणार नाहीत. म्हाताऱ्याच्या अ‍ॅक्युट्रॉनमध्ये वेळ लावायची कडी पाठीवर दुमडलेली आहे. चावी द्यायचीच नाही, मग कडेला कशाला हवी!

म्हाताऱ्याचं घड्याळ मी व्होल्टेज उतरवणाऱ्या अडॅप्टरवर बसवलं, फेजिंग, म्हणजे माणकाच्या कणाची दातांशी गाठ, नव्याने जुळवलं, आठवडाभर तपासलं. डायलवर दोन पिवळे डाग होते, ते तसेच ठेवले. नवा रंग मारून घेऊ नका, असं बजावलं. झाकणाच्या आत आधीच्या कारागिरांनी कोरलेल्या खुणा होत्या. मी कोरलं नाही. पाकिटात चिठ्ठी घातली: सेल बदलताना अडॅप्टर काढू नये.