नकाराचा रकाना

परवा माळ्यावरून जुने पोते काढताना माझी सर्वेची बॅग खाली पडली. आत काय तर वाळून खडंग झालेलं स्टॅम्प पॅड, दोन रिफिल संपलेले पेन आणि पट्ट्यावर कोणाच्या तरी अंगठ्याचा निळा ठसा. बायको म्हणे फेकून द्या आता. नाही फेकली.

2017 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तुम्हाला आठवत असेलच. त्यानंतर विचारपूस करणारे लय आले, पत्रकार आले, पुढारी आले, आणि काही दिवसांनी एका स्वतंत्र संशोधन संस्थेचं काम मला भेटलं. स्वतंत्र म्हणजे सरकारची नाही, कंपनीची नाही, असं ट्रेनिंगमध्ये दहा वेळा सांगितलं. काम काय, तर घाटंजी-केळापूरकडच्या गावांत आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर जायचं, आधी संमतीची सही नाहीतर अंगठा घ्यायचा, मग टॅबवर फॉर्म भरायचा : कोणतं औषध, कशात कालवलं, हातमोजे होते का, पंप कोणाचा, चक्कर आली का. एका फॉर्मचे 80 रुपये. हा 80 चा आकडा ध्यानात ठेवा, अर्धी गोष्ट त्यातच आहे.

बारा दिवसांत मी 64 फॉर्म केले आणि एकही नकार नाही. बाकीच्या पोरांचे कोणाचे चार, कोणाचे सहा नकार, माझा रकाना कोरा, त्यामुळं मी गावभर ताठ मानेनं फिरून राहिलो होतो. सुपरवायझर मॅडमनं बोलावलं तर मला वाटलं शाबासकी भेटते. त्या म्हणाल्या, "64 घरांत एकालाही नाही म्हणावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, "लोक मानतात मॅडम आपल्याला."

त्यांनी टॅबमधलं रेकॉर्डिंग लावलं. मधूनमधून आवाज रेकॉर्ड होतो हे फॉर्मच्या सुरुवातीलाच लिहून होतं, मी ते लोकांना वाचूनही दाखवायचो, पण रेकॉर्डिंगमध्ये आपण पण असतो हे डोक्यातच नव्हतं. माझाच आवाज : "मावशी, द्या जी अंगठा, पुढं काही आलं तर तुमचं नाव वर राहीन." मॅडम काही ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पुढं काय येणार आहे?"

काहीच येणार नव्हतं. मला माहीत होतं. खोटं बोललो असं तेव्हा वाटलंच नाही, कारण आमच्याकडं कोणी टॅब घेऊन आलं की लोक आधी हेच विचारतात, "काही भेटन का?" आणि त्याला "पाहू" म्हणायची सवय तलाठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना आहे, मी पण तेच केलं.

मग मॅडमनं खम्ममचं सांगितलं. 2009 ला तिथं, तेव्हाच्या आंध्रात, शाळकरी पोरींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस द्यायचा प्रकल्प सुरू झाला, 2010 च्या एप्रिलमध्ये बंद झाला, आणि 2013 ला संसदेच्या समितीनं रिपोर्ट दिला. त्यात काही पोरी गेल्या, त्यांचे मृत्यू लसीनं झाले नाहीत असं चौकशीत म्हटलं गेलं, तो वाद वेगळा. पण संमतीचे जे 9,543 फॉर्म तपासले त्यातल्या 2,763 वर सही होती हॉस्टेलच्या वॉर्डनची. म्हणजे मायबापाला पत्ता नाही आणि कागद पक्का. "तुझे 64 पण पक्केच आहेत," मॅडम म्हणाल्या. मला घाम फुटला बाप्पा.

तसे नियम काही कमी नाहीत. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सगळं आहे : संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा पाहिजे, एक सामान्य माणूस पाहिजे, अंगठा घ्यायचा तर निष्पक्ष साक्षीदार पाहिजे. आता पोडावर दुपारी बारा वाजता निष्पक्ष माणूस कुठून आणता? जो रिकामा दिसला त्याला उभं करायचं, आणि रिकामा असतो तो सरपंचाचा पोरगा. तो बाजूला उभा असताना मजुराची बाई नाही म्हणेल का? फॉर्म मराठीत, म्हातारी बोलते कोलामी, मधात तिचा नातू सांगणार, तो काय सांगते देव जाणे. कृषी केंद्रवाल्याचं तर वेगळंच, तो चहा पाजून विचारायचा माझ्या दुकानाचं नाव कोणी कोणी घेतलं ते. तिथं मात्र मी तोंड उघडलं नाही, एवढं तरी बरं केलं.

माझे सगळे फॉर्म बाद झाले. पैसे गेले. चिडलो, दोन दिवस गेलोच नाही कामावर. खरं सांगू, माझी चूक होतीच, पण फॉर्ममागे पैसे देऊन वर इमानदारी मागणं ही ऑफिसची पण चूक होती, आणि हे मी मॅडमला तोंडावर सांगितलं. त्या वरच्या साहेबांशी भांडल्या असतील, कारण पुढच्या हप्त्यापासून रोजानं पैसे सुरू झाले, फॉर्म दोन होवो की दहा.

आणि मला त्याच घरांत परत पाठवलं. मावशी परसात पऱ्हाट्या मोडून राहिली होती. मी सांगितलं, "मावशी, याच्यातून काही भेटणार नाही. घरकुल नाही, पैसे नाही. त्या दिवशी मी उगाच बोललो."

"मंग त्या दिवशी काऊन नाही सांगितलं?"

मी गप्प.

"माह्या पोराच्या डोळ्याचं सारं लिहून नेलं तुनं. मले वाटलं नाव लागलं." मग पऱ्हाटीचा भारा बांधत म्हणाली, "नाही देत आता मी अंगठा. चहा घे पाह्यजे तं."

चहा घेतला. तिथंच ओसरीवर बसून टॅब उघडला. नकार दाबला की कारण विचारते : वेळ नाही, रस नाही, घरच्यांची परवानगी नाही, इतर. मी 'इतर' दाबलं आणि टाईप केलं, 'मागच्या वेळी सर्वे करणाऱ्यानं खोटं सांगितलं.' नेटवर्क नव्हतं, फॉर्म जाईना. टेकडीवर चढून पाठवावा लागला.