तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलचे महागडे बूट घ्यावेत का?

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी रविवारी सकाळी चहाला थांबलं की कुणीतरी माझ्या पायांकडे बघतं आणि विचारतं, "ताई, हे बूट केवढ्याला पडले?" हेल्मेट, गॉगल असेपर्यंत मी ताई असते, ते उतरवलं की काकू. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काकू, एवढे महागडे घेण्यात खरंच अर्थ असतो का? आणि घ्यायचेच तर कुठले?"

मी विचारते, "पाय मोजलात का?" समोरच्याला वाटतं, बाई उत्तर टाळतायत. टाळत नाही. चहा संपेपर्यंत सांगण्यासारखं ते नाही, एवढंच. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी माझ्या चुका, कारण त्या बऱ्याच जणांच्या होतात. माझा पाय पुढे रुंद आहे. लहानपण गावी गेलं, शाळेत अनवाणी नाहीतर चपला, बूट पहिल्यांदा घातले ते कॉलेजच्या एनसीसीत. चवडा पसरलेला, करंगळी बाहेर डोकावणारी. हे काही माझं एकटीचं वैशिष्ट्य नव्हे. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पायांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. बूट वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचे पाय रुंद निघाले होते. चपलेत वाढलेल्या आपल्या पिढीचे पाय याच बाजूला झुकत असावेत, असा माझा आपला अंदाज. रोड सायकलिंगचे नामांकित बूट मात्र परंपरेने निमुळते. इटालियन तर विशेषच.

तर पहिला जोड घेताना मी सगळे करतात तेच केलं. रुंदीत बसत नाही ना, मग एक नंबर मोठा. तरी बसत नाही? आणखी एक. ३९ चा पाय आणि ४१ चा बूट. रुंदी मिळाली, पण टाच आत वरखाली व्हायला लागली आणि बोटांपुढे मोकळं मैदान. त्याहून वाईट गोष्ट उशिरा कळली. बुटाच्या तळाला क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तुकडा, लावायची जी तीन भोकं असतात ती त्या नंबरच्या पायाच्या चवड्याचा अंदाज घेऊन पाडलेली असतात. बूट लांब झाला की भोकं पुढे सरकतात. क्लीट कितीही मागे ओढली तरी पेडल चवड्याऐवजी बोटांखाली येतं. सहा महिने मी पोटऱ्या चोळत बसायचे आणि दोष सीटच्या उंचीला द्यायचे.

दुसरी चूक पैशांनी केली. ३४ हजारांचा जोड. कार्बनचा तळ, लेसऐवजी फिरवून बूट आवळायच्या दोन डायल, पांढरा शुभ्र. आपल्याकडच्या पावसाळ्यात पांढरे बूट घेणारी मी एकटीच नसेन. नंबर या वेळी बरोबर होता, रुंदी नव्हती. दुकानात दोन मिनिटं घालून बघितले, "थोडे घट्ट आहेत, पण वापरून सैल होतील" असं मला सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली. चामड्याच्या चपलेला हा न्याय लागू होतो. कोल्हापुरी आठवडाभर चावते, मग आपलीशी होते. कार्बनचा तळ आपलासा होत नाही. तो आज जेवढा रुंद तेवढाच पाच वर्षांनी. माझ्या नेहमीच्या चांभारकाकांकडे घेऊन गेले, तर त्यांनी बूट उलटा करून तळावर नख वाजवलं आणि म्हणाले, "वरचं ताणून देतो ताई, पण याच्यात फर्मा घातला तर फर्माच मोडंल." फर्मा म्हणजे बुटाला आकार देणारा पायाचा साचा.

त्या जोडावर मी ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केली. वेळेची मर्यादा २० तास. पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रजच्या पुढे जाऊन परत. जाताना काही नाही. येताना नागठाण्याच्या आसपास उजव्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग सुरू झाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मी शब्दशः अनुभवलं. एका टपरीवर बूट काढून पायावर बाटलीभर पाणी ओतलं, पाच मिनिटं बरं वाटलं, पुन्हा पंधरा किलोमीटरवर तेच. शेवटचे ८० किलोमीटर डायल पूर्ण सोडून, बूट नुसता पायात अडकवून काढले. वेळेत पोचले, पण तिसरं-चौथं बोट पुढे तीन आठवडे बधिर होतं. डॉक्टरांनी समजावलं ते असं: चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून बोटांकडे नसा जातात. बाजूंनी दाब आला की हाडं जवळ येतात आणि नस चिमटीत सापडते. उन्हात, तासन्‌तास पेडल मारून पाय सुजतो, तेव्हा सकाळी चालून गेलेली रुंदी दुपारी कमी पडते.

तो जोड मी जेमतेम ७०० किलोमीटर वापरला. हिशोब केला, किलोमीटरला ४८ रुपये. रिक्षा स्वस्त पडली असती.

म्हणून पहिलं उत्तर: पाय मोजा. संध्याकाळी, कारण तेव्हा पाय दिवसभराचा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, बसून नाही, आणि दुसऱ्या कुणालातरी पेन्सिल सरळ धरून रेघ काढायला सांगायचं. स्वतः वाकलं की वजन सरकतं आणि माप चुकतं. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दोन्ही पायांची. माझा डावा २४१, उजवा २४६, रुंदी १०१. बूट मोठ्या पायाला घ्यायचा, लहान पायात गरज वाटली तर जाड सुखतळा. युरोपियन नंबर दोन-तृतीयांश सेंटिमीटरने वाढतात, म्हणजे एका नंबरात सुमारे पावणेसात मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे सव्वातीन. त्यात एका कंपनीचा ३९ आणि दुसऱ्या कंपनीचा ३९ सख्खे भाऊ नसतात. त्यामुळे "मला ३९ लागतो" या वाक्याला अर्थ नाही, "माझा पाय २४६ आणि १०१" याला आहे. बऱ्याच कंपन्या नंबरासमोर सेंटिमीटर छापतात, तो तक्ता बघायचा.

दुकानात गेलात तर पाय घालण्याआधी सुखतळा बाहेर काढा आणि त्याच्यावर उभे राहा. चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर सांडत असेल तर तो बूट परत खोक्यात. डायल, रंग, सूट, काहीही बघू नका. इतकी साधी परीक्षा मला कुणी आधी सांगितली असती तर ३४ हजार वाचले असते.

आता महागड्याचं. बूट महाग होत जातो तसं काय बदलतं? तळ नायलॉनचा असतो तो कार्बनचा होतो, एकाच्या दोन डायल होतात, वजन उतरतं, टाचेची पकड सुधारते. जाहिरातीत सगळा भर तळाच्या ताठपणावर. शिमानो ही जपानी कंपनी तर आपल्या बुटांना ताठपणाचे आकडेच देते, सर्वांत वरच्या आरसी-९ ला १२, त्याखालच्या आरसी-७ ला १०. पाय तळात वाकला नाही की सगळी ताकद पेडलला, हे ऐकायला पटतं. पण कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये सायकलस्वारांना वेगवेगळ्या ताठपणाचे तळ घालून चढावर छोट्या स्प्रिंट मारायला लावल्या, तर ताकदीत आणि वेगात फरक सापडला नाही. स्प्रिंटमध्ये नाही सापडला, तर सिंहगड चढताना मला काय सापडणार? नायलॉनचा मऊ तळ लांबच्या राइडला पेडलच्या जागी टोचतो असं काहींचं म्हणणं असतं आणि मला ते खरं वाटतं. पण १० चा ताठपणा आणि १२ चा ताठपणा माझ्या पायाला वेगळा सांगता येत नाही. वजनातला फरक तर मूठभर शेंगदाण्यांचाही नाही. त्याहून जास्त शेंगदाणे मी जर्सीच्या खिशात घेऊन फिरते.

डायलवर मात्र पैसे घाला. इथे माझं मत ठाम आहे. डायल बनवणाऱ्या बोआ कंपनीच्या साध्या डायल फक्त आवळता येतात. सैल करायची तर ओढून सगळीच सोडावी लागते आणि पुन्हा पहिल्यापासून. वरच्या दर्जाच्या डायल दोन्हीकडे एकेक खटका फिरतात. पाय सुजायला लागला की पेडल मारता मारता हात खाली घालून दोन खटके सैल, चढ आला की वरची डायल एक खटका घट्ट. उन्हाळ्यात सहा तासांच्या राइडला ही चैन नाही, गरज आहे. शिवाय दोन डायल असल्या की चवडा मोकळा ठेवून वरचा भाग वेगळा आवळता येतो. बोआ आपल्या डायलींवर आणि तारेवर बुटाच्या आयुष्याइतकी हमी देते, बोपदेव घाटात खडीवर घसरून डायल फुटली तर नवी बसवता येते. हुबेहूब दिसणाऱ्या नकली डायलींना हा आधार नाही. लेसचे बूट दिसतात देखणे, पण राइडवर दोन खटके सैल करता येत नाहीत, म्हणून माझ्या उपयोगाचे नाहीत.

तिसऱ्या जोडाची गोष्ट मग सोपी आहे. २०२३ च्या मे महिन्यात भाचीकडे नेदरलंड्समध्ये आइंडहोव्हनला गेले होते. डच लोक स्वतः उंच आणि पायाने दणकट, त्यामुळे तिथल्या दुकानात रुंद बूट मागितल्यावर कुणी भुवया उंचावल्या नाहीत. दिवसभर हिंडून संध्याकाळी गेले, स्वतःचे मोजे घेऊन. सात जोड घातले. प्रत्येक घालून वीस मिनिटं दुकानातच बसायचे. भाचीचा जीव कंटाळला. लेक नावाच्या कंपनीचे रुंद बूट घालून वाटलं की हेच, पायात काही आहे हे जाणवेचना, पण किंमत ऐकून भाचीकडे बघितलं. बॉन्टचे ओव्हनमध्ये ७० अंशांना तापवून पायाच्या आकाराचे करता येतात. कल्पना झकास, पण घरच्या ओव्हनमध्ये केक करतानाही माझे हात थरथरतात. सिदीची मेगा नावाची रुंद आवृत्ती असते, ती त्या दिवशी माझ्या नंबरात नव्हती. स्पेशलाइज्डच्या सुखतळ्यात चवड्यामागे एक छोटा उंचवटा असतो, हाडांमध्ये फट राहावी म्हणून, आणि तळ आतल्या बाजूने दीड मिलिमीटर उंच असतो. माझ्या एका मैत्रिणीची बधिर बोटं त्याने थांबली. मला तो उंचवटा टोचत होता. शेवटी शिमानोचा आरसी-७, रुंद फर्म्याचा, मागच्या हंगामातला रंग, म्हणून छापील किमतीच्या दोन-तृतीयांशात. रुपयांत साधारण १३ हजार. त्याच्यावर आजवर ११ हजार किलोमीटर झालेत, म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपयाच्याही आत.

पुण्यात रुंद जोड चढवून बघायला मिळणं कठीण आहे, हे मान्य. परदेशातून कुणी येणार असेल तर माप मिलिमीटरमध्ये पाठवा आणि परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्यायला सांगा. मागच्या वर्षीचा रंग मागायला लाजू नका.

क्लीटबद्दल थोडं, कारण बूट बदलून भागत नाही. ही तीन स्क्रूची पद्धत लूक या फ्रेंच कंपनीने रुळवली. ती मुळात स्कीच्या बुटांना पकडणारी यंत्रणा बनवणारी. त्यांच्या पेडलांवर फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड हिनोने १९८५ ची टूर द फ्रान्स जिंकली आणि पाय पेडलला बांधायचे चामडी पट्टे मागे पडले. शिमानोच्या क्लीटचे रंग लक्षात ठेवा: पेडलमध्ये अडकल्यावर लाल हलत नाही, निळी २ अंश हलते, पिवळी ६ अंश. गुडघ्याला मोकळीक हवी, म्हणून पिवळी. "प्रो लोक लाल वापरतात" असं कुणी सांगितलं तर वापरू देत त्यांना. आणि चवड्याची आग होत असेल तर नवे बूट घेण्याआधी क्लीट चार-पाच मिलिमीटर मागे घेऊन बघा. त्याला पैसे पडत नाहीत. मागे घेण्याआधी जुन्या जागेभोवती बॉलपेनने रेघ मारून ठेवा. मी मारली नव्हती, पण ते आता सोडा.

तर किती पैसे घालावेत? माझ्या मते दोन्हीकडे फिरणाऱ्या डायली आणि तुमच्या रुंदीचा फर्मा मिळेपर्यंत वर चढत जावं आणि तिथे थांबावं. त्यापुढचे पैसे ग्रॅमचे आणि नावाचे. नाव आवडत असेल तर जरूर घ्या, मला त्यात काही वावगं वाटत नाही. माझा पांढरा जोड मीही थोडा मिरवण्यासाठीच घेतला होता.

त्याचं काय झालं तेही लोक विचारतात. दोन वर्षं माळ्यावर होता. आमच्या सोसायटीतली एक मुलगी नुकतीच रोड सायकलला लागली, तिचा पाय चिंचोळा, लांबी नेमकी माझ्याइतकी. सुखतळ्यावर उभी केली, कुठेही बाहेर सांडली नाही. गेल्या महिन्यात ती त्या बुटांवर लोणावळा करून परत आली आणि जिना चढताना म्हणाली, "काकू, पाय आहेत हेच विसरले होते." क्लीट मात्र तिला नव्या घ्यायला लावल्या. पिवळ्या.