क्रोममधलं एक्स्टेंशन काढलं तरी परत का येतं?

अ‍ॅड्रेस बारमध्ये शब्द टाकून एंटर मारलं की क्षणभर एक अनोळखी पत्ता चमकून जातो आणि मग गूगलऐवजी याहूचे किंवा बिंगचे निकाल समोर येतात. सर्च इंजिन पुन्हा गूगल करून ठेवलं, तरी रीस्टार्टनंतर तेच. बऱ्याचदा यामागे एक्स्टेंशन, म्हणजे क्रोमला जोडलेला एखादा छोटा प्रोग्रॅम असतो, आणि तो काढला तरी परत येतो. अशा वेळी बहुतेक जण एकामागोमाग चार अँटीव्हायरस टाकतात, नाहीतर थेट विंडोज फॉरमॅट करायला देतात. त्याआधी बिघाड नेमका कुठे बसलाय ते शोधा. त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आधी त्याच वायफायवर मोबाईल लावून बघा. मोबाईलवरही भलत्याच साइट उघडत असतील तर संशय राउटरवर घ्यायचा. त्याचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कोणीतरी बदललेला असू शकतो. राउटर फॅक्टरी रीसेट करा (इंटरनेट कंपनीने दिलेला लॉगिन आधी लिहून ठेवा), अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ठेवा. मोबाईल ठीक असेल तर कॉम्प्युटरवर क्रोमची गेस्ट विंडो उघडून तेच शब्द शोधा. गेस्टमध्ये सगळं सुरळीत चाललं तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे बहुधा एक्स्टेंशनमध्ये आहे. गेस्टमध्ये आणि एज या विंडोजच्या ब्राउझरमध्येही तोच प्रकार दिसला तर मूळ विंडोजमध्ये आहे.

उजव्या कोपऱ्यात खाली ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असे चौकोन येत असतील, तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटवर ‘रोबो नसाल तर अलाऊ दाबा’ म्हटलं होतं आणि ते दाबलं गेलं, एवढंच. त्या चौकोनात साइटचं नाव बारीक अक्षरात असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन ते नाव काढून टाका. चौकोनावर मात्र क्लिक करू नका.

आता परत येणाऱ्या एक्स्टेंशनकडे. एक्स्टेंशन्सच्या पानावर त्याच्यासमोर ‘रिमूव्ह’चं बटण दिसत नाही किंवा दाबता येत नाही, आणि तीन टिंबांच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे रास्तच आहे. काही अँटीव्हायरसही अशी पॉलिसी, म्हणजे वरून लादलेली सेटिंग, लावतात. पण घरच्या कॉम्प्युटरवर, कारण ठाऊक नसताना ही ओळ दिसली, तर अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं इंग्रजीत टाइप करा. उघडलेल्या यादीत ‘एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ नावाची ओळ शोधा. तिच्या व्हॅल्यूत ३२ अक्षरांची एक ओळ असते, आणि तीत इंग्रजी ए ते पी एवढीच अक्षरं सापडतात. तो त्या एक्स्टेंशनचा आयडी. एक्स्टेंशन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येकाचा आयडी दिसतो. दोन्ही जुळवा, चोर सापडला.

कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या मशीनवर एक्स्टेंशन सक्तीने टाकता यावं म्हणून गूगलने ही सोय ठेवली आहे. मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, तिचाच वापर करतं. क्रोमच्या लेखी तुम्ही कर्मचारी आणि मालवेअर अ‍ॅडमिन, म्हणून तुम्हाला काढता येत नाही.

ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात असते. रेजएडिट उघडा, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं आत जा. एचकी करंट युजरखालीही हाच मार्ग तपासा. आधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा, मगच नकोशी नोंद काढा. नंतर पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबा.

पण इथेच थांबलात तर रीस्टार्टनंतर नोंद पुन्हा हजर होऊ शकते, कारण ती लिहिणारा टास्क, म्हणजे विंडोज ठरल्या वेळी आपोआप चालवतं ते काम, अजून जिवंत असतो. म्हणून खरं तर रजिस्ट्रीच्या आधी टास्क शेड्युलर बघायचा. लायब्ररीतल्या प्रत्येक टास्कचा ‘अ‍ॅक्शन्स’ टॅब वाचा. पॉवरशेल किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजमधली स्क्रिप्ट चालवणारी साधनं) चालवणारा, अ‍ॅपडेटा फोल्डरमधली विचित्र नावाची फाइल उघडणारा, लॉगिनला किंवा दर काही तासांनी धावणारा टास्क असेल तर तो आधी डिसेबल करा आणि ज्या फाइलकडे तो बोट दाखवतो तिचा पत्ता टिपून ठेवा. वनड्राइव्ह, प्रिंटर, ग्राफिक्स ड्रायव्हर यांचेही टास्क असतात, ते उडवू नका.

क्रम असा ठेवा: सगळ्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या सिंकमधून (एका खात्याच्या सगळ्या मशीनवर सेटिंग्ज सारख्या ठेवणारी सोय) ‘एक्स्टेंशन्स’ बंद, मग टास्क, मग ती फाइल, मग रजिस्ट्री, मग एक्स्टेंशन आणि शेवटी क्रोमच्या सेटिंग्ज रीसेट. सिंक चालू राहिलं तर दुसऱ्या लॅपटॉपवरची घाण साफ केलेल्या मशीनवर परत उतरते.

डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकटही बघा. प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ची ओळ क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्ह इथे संपायला हवी. पुढे प्रोफाइल डिरेक्टरी असं काही असेल तर हरकत नाही, वेबसाइटचा पत्ता असेल तर तेवढा खोडा.

विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (नेटची ये-जा मध्ये थांबवून पुढे पाठवणारा मध्यस्थ) चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१ असेल, तर तुमचं ब्राउझिंग मशीनवरच्याच एखाद्या प्रोग्रॅममधून जातंय. अँटीव्हायरसने तो प्रोग्रॅम उडवला पण प्रॉक्सी तशीच राहिली, की ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. लोकांना वाटतं नेट गेलं. प्रॉक्सी बंद केली की लगेच सुरू होतं.

हाताने शोधून झालं की स्कॅन. अ‍ॅडवेअरसाठी, म्हणजे जाहिराती लादणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर पुरेसं आहे, ते इन्स्टॉलही करावं लागत नाही. त्यानंतर विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन. त्यासाठी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते आणि साधारण १५ मिनिटं लागतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत साधनं मिळतात. जुन्या व्हिडिओंत सांगितलेलं क्रोममधलं ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ मात्र शोधत बसू नका, ते २०२३ मध्ये काढून टाकलं.

एक प्रकार मात्र वेगळा आणि कितीतरी गंभीर. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणणाऱ्या पानाने विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला लावलं असेल आणि तुम्ही ते दाबलं असेल, तर वरचं काहीच करत बसू नका. तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांचा कमांड चालवलेला आहे. त्यातून बहुधा सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या, ब्राउझरमधल्या छोट्या नोंदी) उचलल्या जातात. कुकी हाती असली की पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच खात्यात शिरता येतं. लगेच नेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला आणि प्रत्येक खात्यात ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. पैसे गेले असतील तर त्याच फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. या एका बाबतीत फॉरमॅटच बरा. पेनड्राइव्हवर फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या, एकही सेटअप फाइल नको.