हाताला चव नाही असं नाही हं

"आमटी चांगलीच झाली असणार गं. मलाच तोंडात लोखंड धरल्यासारखं लागतंय." आत्याने वाटी बाजूला सरकवली आणि लगेच म्हणाली, "तुझ्या हाताला चव नाही असं नाही हं."

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. केमो तिची चाललीय, गिळवत तिला नाहीये, आणि काळजी कशाची, तर माझं मन दुखावेल याची!

फोनवर जो तो सांगतो, "जोर करून खायचं." अहो, ती काय नखरे करतेय? केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण 10 दिवसांनी नव्या होत असतात, म्हणजे त्याही तडाख्यात सापडतात. पाणीसुद्धा कडू लागतं.

आता फोडणी ती आतल्या खोलीत असताना, दार लावून. हिंग-लसणाच्या नुसत्या वासाने तिला उमळतं. गरम जेवणाचा वास जास्त येतो, म्हणून ताटात गार दहीभात. स्टीलचा चमचा जाऊन प्लास्टिकचा आला. जेवणाआधी मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चूळ. लिंबाने चव येते म्हणतात, पण तोंड आलेलं असताना तिला ते झोंबतं, नकोच.

संध्याकाळी कलिंगडाच्या गार फोडी मात्र तिने मागून घेतल्या. मला इतकं बरं वाटलं!

तुमच्या घरी कुणाची केमो झाली असेल तर सांगाल का, त्या दिवसांत काय घशाखाली उतरायचं?