टेकू सुटलेल्या चांदण्या

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सकाळीच फोन आला. वसईतल्या एका वाडीसाठी मी आदल्या दिवशी पोचवलेल्या बांबू-कागदाच्या तीस चांदण्यांपैकी, म्हणजे दिवा लावायच्या ताऱ्याच्या कंदिलांपैकी, नऊ फाटल्या होत्या आणि संध्याकाळी सातला दिवे लागायचे होते. दारावर चढवलेली चांदणी ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत टिकायला हवी. या तर चाचणीची एक रात्रही टिकल्या नव्हत्या.

वाडीतल्या मंडळींनी वाऱ्याला दोष दिला. मला वाटलं, कागद चिकटवायची मैद्याची खळ कच्ची राहिली असेल. पण नऊही चांदण्या एकाच जागी फाटल्या होत्या, दोन टोकांमधल्या खाचेत, आणि कागदाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या. वाऱ्याने कागद कुठेही फाटतो आणि खळ कच्ची असेल तर तो कडेने सुटतो. इथे आतून काहीतरी टोचलं होतं.

यासाठी सांगाडा समजून घ्यायला हवा. एका चांदणीला ६० सेंटिमीटरच्या दहा कामट्या लागतात, ८ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करायची. पाच कामट्या एकमेकींखालून-वरून विणून तारा केला की फुल्या, म्हणजे कामट्या एकमेकींना छेदतात त्या जागा, बरोबर या खुणांवर पडतात. एखादी फुली खुणेवर पडत नसेल, तर चांदणी वाकडी झालीच म्हणून समजा. असे दोन तारे करून पाचही टोकं जोडीजोडीने बांधायची. मग दोन ताऱ्यांच्या समोरासमोरच्या पाच फुल्यांमध्ये १० सेंटिमीटरचे पाच टेकू उभे करायचे. टेकूंमुळे कामट्या बाहेर फुगतात आणि चांदणीला पोट येतं. कामटीची साल बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण ताण सालच सोसते. गराकडची बाजू बाहेर आली तर तिथून तूस निघतो आणि कामटी तडकते. टेकू १२ सेंटिमीटरचा केला तर चांदणी जास्त भरदार दिसते खरी, पण टोकांच्या गाठींवर फार ताण येतो. मी तो करत नाही.

फाटलेल्या खाचेत बोट घातलं तर टेकू जागेवरून सरकलेला, आणि फुलीवरची दोऱ्याची गाठ बोटाने गोल फिरत होती. गुरुवारी बांधली तेव्हा तीच गाठ नखानेही हलत नव्हती. कामटी मोजली, जाडी जवळपास अर्धा मिलिमीटर कमी भरली. बांबू ओला होता! वाळताना कामटीची लांबी फारशी घटत नाही, पण जाडी घटते आणि दोऱ्याचा वेढा सैल पडतो. डिसेंबरचा कोरडा वारा आणि रात्रभर आत पेटलेला दिवा, एवढं पुरेसं झालं. मंगळवारी कामट्या काढताना दोन मोळ्या एकत्र झाल्या होत्या. एक जुनी होती, दुसरी नुकत्याच तोडलेल्या कोवळ्या बांबूची. ओली कामटी हातालाच कळते: गालाला लावली तर गार लागते, फरशीवर टाकली तर खणखणत नाही, बद्द वाजते. ही परीक्षा मंगळवारी करायला हवी होती, ती राहिली.

उरलेल्या एकवीसही उतरवून प्रत्येक फुली चाचपली. आणखी पाच सैल निघाल्या. एकूण चौदा, दर चांदणीला पंचवीस मिनिटं, कामाला दोघं. फाटलेल्या खाचेजवळचे बाजूचे दोन तुकडे सोडवायचे, टेकूच्या दोन्ही टोकांना इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडायची, म्हणजे तो फुलीवर घट्ट बसतो, दोरा नव्याने आवळायचा आणि गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब द्यायचा. न फाटलेल्या खाचांमधल्या गाठीही अशाच आवळल्या. त्यासाठी चांगला कागद सोडवावा लागला, तेव्हा जीव हळहळला.

एका चांदणीत पतंगी कागदाचे बावीस तुकडे असतात: पुढचे-मागचे दहा त्रिकोण, बाजूचे दहा अरुंद त्रिकोण आणि मधले दोन पंचकोन. प्रत्येकाला दीड सेंटिमीटर कड जास्त ठेवायची. खळीला चार चमचे मैदा, दीड कप पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विष आहे. त्याचं भांडं वेगळं हवं आणि मुलांचा हात तिथे पोचता कामा नये. शिवाय पांढऱ्या कागदावर हिरवट डाग येतो, म्हणून पांढऱ्यासाठी मी ते टाळतो. खळ वाळल्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की कागद आक्रसून ताठ बसतो. लाल कागदावर फवारा अगदी बेताने, नाहीतर शेजारचा पांढरा गुलाबी होतो.

दुपारी दीडला शेवटचा तुकडा चिकटला. होल्डर पुन्हा वरच्या टेकूला बांधले, दिवा कागदापासून किमान चार बोटं लांब. सगळीकडे ९ वॅटचे एलईडी लावले. जुना पिवळा बल्ब कागदाच्या चांदणीत मी लावू देत नाही.

सातला तीसही लागल्या. ओल्या मोळीतल्या उरलेल्या कामट्या छपराखाली सुट्या पसरून ठेवल्या आहेत, पुढच्या वर्षीसाठी.